बाळाची रात्र एकट्या आईची कशी?

पाचवीच्या रात्री घर जागतं. पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा होते, कोरा कागद आणि लेखणी ठेवली जाते, दिवा विझू देत नाहीत, आणि बाळाला एकटं सोडायचं नाही म्हणून आजी, मावश्या, आत्या आळीपाळीने त्याच्याजवळ बसतात. सटवाई येऊन नशीब लिहिते यावर कुणाचा विश्वास असो वा नसो, तान्ह्या बाळाची रात्र चारचौघांनी मिळून काढायची असते एवढं या रिवाजाला नक्की ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी पूजा आवरली जाते आणि तिथून पुढच्या सगळ्या रात्री, बहुतेक घरांत, एकट्या आईच्या वाट्याला येतात. बाकीचे सकाळी चहा पिताना विचारतात, "रात्री फार रडला का गं?"

या वाटणीला माझा विरोध आहे, आणि तो आईवर होणाऱ्या अन्यायापुरता नाही. बाळाला समजून घेण्याची आईची जी क्षमता आपण तिच्या मायेचा उपजत भाग मानतो, ती बऱ्याच अंशी तिच्या झोपेवर चालते. झोपेचे तुकडे झाले की ती क्षमताही थकते. म्हणून आईची झोप हा बाळाच्या हक्काचा विषय आहे, आणि ती मिळवून देणं घराचं आणि सरकारचं काम आहे.

बाळाला समजून घेणं म्हणजे काय, हे आधी नीट पाहू. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ 1950 च्या दशकात युगांडातल्या खेड्यांत आणि नंतर अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये आई-बाळांच्या घरी जाऊन तासन्‌तास बसल्या. आईच्या संवेदनशीलतेची त्यांनी केलेली फोड आजही वापरली जाते: बाळाची खूण दिसणं, तिचा अर्थ बरोबर लागणं, त्याला साजेसा प्रतिसाद देणं आणि तो वेळेवर देणं. यात गूढ काही नाही. भूक लागलेलं बाळ लगेच रडत नाही. आधी ते चुळबुळ करतं, मूठ तोंडाशी नेतं, ओठ चाळवतं, मान वळवून छाती शोधतं. रडणं सर्वांत शेवटी येतं. खेळून दमलेलं बाळ नजर फिरवतं, जांभया देतं. त्याला तेव्हा खुळखुळा नको असतो, शांतता हवी असते. जागरणाने डोळे चुरचुरणाऱ्या बाईला यातलं फक्त रडणं ऐकू येतं. ती पाजायला घेते, पण एव्हाना बाळ इतकं चिडलेलं असतं की त्याला धड तोंडात धरता येत नाही. ते आणखी रडतं, आणि मागून आवाज येतो, "दूध पुरत नसेल, वरचं सुरू करा." एक खूण निसटली की असं एकातून एक वाढत जातं, आणि शेवटी दोष आईच्या दुधाला लागतो.

झोपेवरचे काही प्रयोग आयांवर झालेले नाहीत. मला ते म्हणूनच महत्त्वाचे वाटतात, कारण त्यांत मायेचा प्रश्नच येत नाही. 2003 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी माणसांना सलग दोन आठवडे रोज सहा तास किंवा त्याहूनही कमी झोपू दिलं. अखेरीस त्यांचं लक्ष आणि स्मरण एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांइतकं ढासळलं होतं. वाईट हे, की आपण इतके ढासळलो आहोत याची त्यांना स्वतःला पुरती जाणीव नव्हती. 2007 सालच्या एका अभ्यासात सुमारे 35 तास जागवलेल्या तरुणांना त्रासदायक चित्रं दाखवली. मेंदूतलं भावनांचं केंद्र, अमिग्डाला, झोपलेल्या गटापेक्षा त्यांच्यात 60 टक्क्यांनी जास्त पेटून उठत होतं, आणि त्याला आवर घालणाऱ्या कपाळामागच्या भागाशी असलेला दुवा सैल पडला होता. आणखी एका प्रयोगात न झोपलेल्यांना समोरच्या चेहऱ्यावरचा राग आणि आनंद ओळखणं जड गेलं. चेहरा वाचणं, स्वतःला आवरणं, लक्ष टिकवणं. तान्ह्या बाळाजवळ दिवसभर याहून वेगळं काय लागतं?

नव्या आईच्या झोपेची बेरीज मात्र फसवी असते. अमेरिकेत बाळंतपणानंतरच्या पहिल्या चार महिन्यांत आयांच्या मनगटावर हालचाल नोंदवणारं यंत्र बांधून पाहणी झाली, तेव्हा रात्रीची झोप सरासरी सात तासांच्या आसपास भरली. सात तास ऐकून सासूबाईच काय, डॉक्टरही म्हणतील, बरंय की! पण ते तुकडे होते. माणसाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण दीड तासाचं असतं, आणि गाढ झोप, स्वप्नांची झोप हे टप्पे त्यात क्रमाने येतात. दर दोन तासांनी उठून पाऊण तास पाजणाऱ्या, ढेकर काढणाऱ्या, लंगोट बदलणाऱ्या बाईला पलंगावर पडल्याचे तास मिळतात, पुरी झालेली आवर्तनं फार थोडी. 2020 साली 'स्लीप मेडिसिन' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात काही महिन्यांच्या बाळांच्या आयांची झोप आणि बाळाशी त्यांचं वागणं असं दोन्ही तपासलं होतं. ज्यांची झोप जास्त मोडलेली होती, त्यांना बाळाकडचं संवेदनशील लक्ष टिकवून धरणं अवघड जात होतं. टिकवून धरणं, हे मला फार खरं वाटतं. थकलेली आईसुद्धा बाळाकडे बघून हसते, बोलते. पण थोड्या वेळाने नजर मोबाइलवर, भिंतीवर, कुठेच नाही अशी जाते. तिला बाळ नकोसं झालेलं नसतं. तिच्यात शिल्लक उरलेली नसते, इतकंच.

हे सगळं लिहिताना मला एक भीती वाटते. असे निष्कर्ष आपल्याकडे आले की ते आईच्या हातात आणखी एक आरोपपत्र म्हणून पडतात. तू झोपली नाहीस, म्हणून बाळ चिडचिडं झालं. बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होईल हं. एडवर्ड ट्रॉनिक यांचा 1970 च्या दशकातला प्रयोग त्यासाठी हमखास पुढे केला जातो. त्यात आई काही वेळ चेहरा निर्विकार ठेवते. बाळ आधी हसून, हात पुढे करून, आवाज काढून तिला परत आणू पाहतं, आणि अखेर तोंड फिरवतं. बघवत नाही ते. पण त्याच ट्रॉनिक यांनी असंही दाखवलं, की अगदी उत्तम जमणाऱ्या आई-बाळांचंही एकमेकांशी जुळलेलं असणं जेमतेम एक तृतीयांश वेळ असतं. उरलेल्या वेळात चुकतं आणि पुन्हा जुळवून घेतलं जातं. बाळ त्या पुन्हा जुळण्यातूनच शिकतं. लंडनचे बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनीही 1953 साली पुरेशी चांगली आई असली की झालं, असं मांडलं होतं. तेव्हा ओल्या बाळंतिणीने हा लेख वाचून धास्तावू नये. एका वाईट रात्रीने बाळाचं काही बिघडत नाही, चार वाईट रात्रींनीही नाही. चुकल्यावर पुन्हा जुळवून घ्यायला मात्र अंगात त्राण लागतं, आणि ते सलग झोपेशिवाय येत नाही. तिला ती झोप कोण देणार हा प्रश्न तिच्याभोवतीच्या माणसांना विचारायचा आहे.

"बाळाला सवय लावा, म्हणजे ते रात्री झोपेल" हा सल्ला पहिल्या तीन महिन्यांत निरुपयोगी आहे. नवजात बाळाच्या शरीरातलं दिवस-रात्रीचं घड्याळ तयारच झालेलं नसतं. ते बसायला दोन-तीन महिने जातात. पोट लहान, दूध लवकर पचतं, चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावं लागतं. त्यातच दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त स्रवतं, म्हणून रात्रीचं पाजणं सरसकट बंद करणंही शहाणपणाचं नाही. पावडरच्या दुधाचा डबा हे आईच्या झोपेवरचं उत्तर म्हणून कुणी सुचवत असेल तर त्याच्याकडे संशयानेच पाहावं. अशा दुधाच्या जाहिरातीवर आपल्याकडे 1992 च्या कायद्याने बंदी आहे ती उगाच नाही. बाळ उठणारच. ते उठल्यावर कोण कोण उठतं, एवढंच आपल्या हातात आहे.

आणि तो सर्वांचा आवडता सल्ला: "बाळ झोपलं की तूही झोपून घे." सांगणाऱ्याच्या मनात प्रेम असतं, पण सांगून तो मोकळा होतो. बाळ झोपल्यावर आईने काय काय करायचं असतं ते पाहा. अंघोळ, जेवण, औषधं, टाके असतील तर त्यांची काळजी, दुपटी धुवायला टाकणं, दुखणाऱ्या छातीला शेक. अकराच्या सुमारास बाळ बघायला कुणीतरी येतं आणि झोपलेल्या बाळाला उठवून मांडीवर घेऊन नाक कुणासारखं आहे ते ठरवतं. आईने तेव्हा आत जाऊन झोपणं हा उद्धटपणा समजतात. शिवाय काही घरांत अजूनही म्हणतात, बाळंतिणीने दिवसा झोपू नये, अंग सुजतं, वात धरतो. म्हणजे रात्री बाळ झोपू देत नाही आणि दिवसा घर. आणि समजा सगळे बाहेर गेले, खोलीत अंधार केला, तरी झोप ही हुकमाने येत नाही. पुढचं रडणं केव्हाही येईल या धास्तीत पडलेलं शरीर झोपेत खोल जातच नाही. झोपायला निर्धास्तपणा लागतो, आणि निर्धास्तपणा तेव्हाच येतो, जेव्हा बाळ दुसऱ्या भरवशाच्या हातात असतं.

आपल्या जुन्या बाळंतपणात ही गोष्ट होती. मला त्या पद्धतीचं सरसकट कौतुक करायचं नाही. धुरीने भरलेली कोंदट खोली, शिवाशिव, पाणी पिऊ नको, हे खाऊ नको, आणि मुलगी झाली तर पडलेले चेहरे, हे सगळं त्यात होतं. पण माहेरच्या सव्वा महिन्यातली सकाळ आठवून पाहा. पहाटेच बाळ आजीकडे जायचं. मग मालिश करणारी मावशी यायची, बाळाला तेल लावून, पायांवर घेऊन न्हाऊ घालायची, धुरी द्यायची, दुपट्यात घट्ट गुंडाळायची, आणि पाजलं की ते दोन-तीन तास झोपायचं. त्यानंतर बाळंतिणीचं अंग रगडलं जायचं, गरम पाण्याने न्हाणं, बाजेवर शेक, पोटात गरम भात किंवा अळिवाची खीर, आणि मग तिलाही गाढ झोप लागायची. त्या वेळी तिला उठवायची कुणाची छाती नसे. डिंकाच्या लाडवांची कृती आपण जपून ठेवली, बाळंतविड्याची पाकिटं ऑनलाइन मागवतो, आणि त्या पद्धतीतला सर्वांत मोलाचा भाग, दारावर बसून झोप राखणारी आजी, तेवढा हातचा निसटू दिला.

तो सव्वा महिनाही अपुराच होता. तान्ह्या बाळाचं रडणं जन्मापासून वाढत जातं आणि साधारण सहाव्या आठवड्यात सर्वांत जास्त होतं, मग हळूहळू उतरतं. बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी 1962 सालीच हे नोंदवलं होतं. सव्वा महिना म्हणजे जेमतेम सहा आठवडे. ज्या घरांत आधार तिथे संपतो, लेक बाळाला घेऊन सासरी येते किंवा तिची आई पुण्या-मुंबईच्या दोन खोल्यांतून गावी परतते, तिथे तो बरोबर सर्वांत अवघड आठवड्यात संपतो. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या मुलींच्या आया जमेल तेवढी रजा, व्हिसाची मुदत आणि गुडघेदुखी सांभाळून जातात, त्यांच्या मागे हेच कारण आहे. पण आजीची तब्येत आणि व्हिसा यांवर बाळाच्या रात्री टेकवणं हा काही कायमचा बंदोबस्त नव्हे. घरात आणखी एक धडधाकट माणूस आहे.

बाळाचा बाप. "त्याला सकाळी कामावर जायचं असतं" हे वाक्य सासरी म्हटलं जातं तसंच माहेरीही, आणि पुष्कळदा बायकोही म्हणते. बाळाच्या आईला सकाळी काय असतं? तिला एका जीवाला उचलायचं, न्हाऊ घालायचं, पाजायचं, त्याच्या श्वासावर लक्ष ठेवायचं असतं, तेही ऑपरेशनचे टाके ओले असताना. कार्यालयात डुलकी लागली तर फाइल राहते. बाळ मांडीवर असताना आईला सोफ्यावर डुलकी लागली तर बाळाच्या जिवाला धोका असतो. जास्त विश्रांती कुणाला हवी, याचा निर्णय आपण पगाराच्या पावतीवरून करतो आणि तो चुकीचा आहे. वडिलांनाही बालसंगोपनाची रजा मिळणाऱ्या जर्मनीतसुद्धा, हजारो पालकांच्या पाहणीत, बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत आयांची झोप आधीपेक्षा सुमारे एक तासाने कमी झालेली दिसली आणि वडिलांची जेमतेम 15 मिनिटांनी. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मूल सहा वर्षांचं होईपर्यंतही पालकांचं झोपेचं समाधान पूर्वपदावर आलेलं नव्हतं. आपल्याकडे हा फरक कमी असेल असं मानायला मला काहीच आधार दिसत नाही.

मागणं फार मोठं नाही. रात्रीतून एकदा, सलग चार ते पाच तास. आई नऊ वाजता पाजून दुसऱ्या खोलीत, नसेल दुसरी खोली तर भिंतीकडे तोंड करून, झोपेल. दीड-दोन वाजेपर्यंत बाळ बापाचं. मधल्या वेळेला काढून ठेवलेलं आईचं दूध वाटी-चमच्याने पाजता येतं. सुरुवातीच्या आठवड्यांत दूध काढणं जमत नसेल तर बाळाला आईजवळ आणावं, तिने आडवं राहूनच पाजावं, आणि लगेच बापाने उचलावं. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालणं यासाठी आईच लागते असं निसर्गाने कुठेही ठरवलेलं नाही. यातून आणखी एक गोष्ट घडते. रात्री दोन तास बाळ खांद्यावर घेणाऱ्या पुरुषाला त्याच्या खुणा कळू लागतात. "आईलाच कळतं" असं आपण म्हणतो, त्यातलं पुष्कळसं कळणं निव्वळ सहवासाच्या तासांतून आलेलं असतं.

पण ज्या नोकरीत बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी हजर व्हावं लागतं, तिथे बापाच्या सदिच्छेने काय होणार? 2017 साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा आली. चांगलं झालं. वडिलांसाठी खासगी क्षेत्रात तसा एकही कायदा नाही. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना 15 दिवस मिळतात. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी 2017 साली लोकसभेत पितृत्व लाभाचं खासगी विधेयक मांडलं होतं. 15 दिवस, आणि तीन महिन्यांपर्यंत वाढवण्याची सोय. ते तसंच राहिलं. आपल्याच राज्यातल्या खासदाराने मांडलेला हा विचार इथल्या पक्षांनी नेटाने पुढे लावून धरू नये, याचा मला राग येतो. सहाव्या आठवड्याच्या रडण्यापर्यंत बाप घरी असेल इतकी, म्हणजे किमान दीड महिन्याची रजा, तुकड्यांत घेता येईल अशी, मागायला हवी.

आणि 26 आठवडे तरी कुणाला? संघटित क्षेत्रातल्या थोड्याशा बायकांना. बीडकडून पश्चिम महाराष्ट्रात ऊस तोडायला जाणाऱ्या कोयत्यातली, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीतली, बाई बाळंत झाली की काही दिवसांत फडात परत येते. रात्री-अपरात्री ट्रक आला की मोळ्या भरायला उठावं लागतं. बाळ पाचटावर, नाहीतर उसाच्या सावलीत बांधलेल्या झोळीत. तिच्या झोपेत बाळाने मोडता घातला असं म्हणताच येत नाही. तिची झोप मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांपाशी, उचलीपाशी, गहाण पडलेली असते. मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये तिला किती दिवस फडाबाहेर ठेवू शकतील? मजुरी न बुडता किमान तीन महिने, ही तिची मागणी आपण आपल्या रजेच्या मागणीआधी ठेवली पाहिजे.

थकव्याच्या नावाखाली एक आजारही लपतो, तो वेगळा ओळखायला हवा. भारतातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2017 साली प्रसिद्ध झाला, त्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण सुमारे 22 टक्के निघालं. बाळ झोपलंय, घर शांत आहे, ते सांभाळायला माणूस आहे, बाई कमालीची दमलेली आहे, आणि तरीही तिला झोप लागत नाही, असं रोज होत असेल तर "आईपण म्हणजे हेच" असं म्हणून सोडू नये. डॉक्टरांकडे न्यावं, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

हे ओळखायला खेड्यापाड्यात आपल्याकडे आधीच एक माणूस आहे, आणि त्या कल्पनेचं मूळ महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. 39 गावांतल्या त्या कामाने नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी उतरल्याचं 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि 2011 पासून तोच मार्ग देशभर आशाताईंकडे सोपवला गेला. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. बाळाचं वजन करतात, ताप बघतात, आईला दिवसातून किती वेळा पोटभर जेवण मिळतं हेसुद्धा विचारतात. त्याच ओळीखाली आणखी एक प्रश्न यावा: काल रात्री सलग किती तास झोपलीस, आणि तेवढा वेळ बाळ कुणाकडे होतं? हा प्रश्न नवरा आणि सासू समोर असतानाच विचारावा, कारण त्याच्या दुसऱ्या भागाचं उत्तर त्यांनी द्यायचं आहे. आशाताईंवर कामाचा बोजा आधीच मानधनापेक्षा जास्त आहे, तेव्हा या प्रश्नाबरोबर त्याचे पैसेही यावेत. बेचाळिसाव्या दिवसाची भेट नेमकी रडणं सर्वांत वाढलेलं असताना येते. त्या दिवशी तरी हा रकाना रिकामा राहू नये.